न विचारता लादलेले युद्ध

युद्धात उतरायचे की नाही, हे कोणी ठरवावे? राजाने, सरकारने, सेनापतीने, की ज्यांच्या घरांतील मुले रणांगणावर जाणार आहेत त्या लोकांनी? हा प्रश्न साधा वाटतो. पण इतिहासात तो फार क्वचित लोकांना विचारला गेला. आणि जेव्हा लोकांनी तो स्वतः होऊन विचारला, तेव्हा त्यांना बहुधा देशद्रोही ठरवण्यात आले. माझे मत याच्या अगदी उलट आहे. आपल्या देशाला परक्या युद्धात जाण्यापासून अडवणारा नागरिक देशाचे नुकसान करत नाही. तो देशाला विचार करायला भाग पाडतो.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. तत्पूर्वी त्यांनी एकाही लोकप्रतिनिधीचे मत घेतले नव्हते. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. संस्थानांतील प्रजेची अवस्था तर याहून बिकट होती. जयपूरचेच उदाहरण घ्या. तेथील रहिवाशाला ना व्हाइसरॉयने विचारले, ना महाराजांनी. महाराजा सवाई मानसिंह ब्रिटिशांच्या बाजूने उभे राहिले. लढणारे शिपाई मात्र शेखावाटीच्या आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले होती.

या जयपूरशी महाराष्ट्राचे नाते जोडणारे नाव म्हणजे जमनालाल बजाज. जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात त्यांचा जन्म झाला. दत्तक जाऊन ते वर्ध्याचे झाले. जयपूर राज्य प्रजामंडळाच्या 1938 च्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पुढे संस्थानाने त्यांना प्रवेशबंदी केली. ती मोडल्याबद्दल 1939 साली त्यांना महिनोन्महिने अटकेत राहावे लागले. सभा घेण्याचा आणि बोलण्याचा हक्क, एवढीच त्या लढ्याची मागणी होती. ज्या राज्यात बोलताच येत नाही, तेथे युद्धाला विरोध तरी कोणत्या तोंडाने करणार? म्हणून भाषणस्वातंत्र्य आणि युद्धाविषयीचा निर्णय हे दोन विषय वेगळे नाहीत.

महात्मा गांधींनी 1940 साली वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. 17 ऑक्टोबर रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण केले आणि ते पहिले सत्याग्रही ठरले. चारच दिवसांनी त्यांना अटक झाली. सरकारच्या युद्धकार्यास माणसे अथवा पैसा देऊ नये, असे सत्याग्रही लोकांना सांगत. डिसेंबरमध्ये जमनालालजीही तुरुंगात गेले. 15 मे 1941 पर्यंत पंचवीस हजारांहून अधिक सत्याग्रहींना शिक्षा झाल्या होत्या.

या सत्याग्रहाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. आपण कोठे व केव्हा बोलणार, हे सत्याग्रही जिल्हाधिकाऱ्यांना आधीच कळवत असे. यात लपवाछपवी नव्हती, तोडफोड नव्हती, सैनिकाचा अपमान नव्हता. विरोध होता तो निर्णयाला, आणि त्याची शिक्षा भोगण्याची तयारीही होती.

जयपुरात 1942 साली हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रजामंडळाचे नेते हीरालाल शास्त्री आणि संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्यात समझोता झाला. राज्याने युद्धासाठी इंग्रजांना माणसे व पैसा देऊ नये, आणि प्रजामंडळाला शांततेने प्रचार करता यावा, अशा गोष्टी त्यात होत्या. त्या बदल्यात प्रजामंडळ महाराजांविरुद्ध लढा पुकारणार नव्हते. बाबा हरिश्चंद्र आदी कार्यकर्त्यांना ही तडजोड मान्य झाली नाही. त्यांनी ‘आझाद मोर्चा’ स्थापन करून ‘भारत छोडो’ आंदोलन चालवले. एकाच ध्येयाची माणसे मार्गाबाबत अशी दुभंगली.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. हिटलरचा विजय हे जगावरचे संकट होते, यात शंका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि सैन्याचे दार पुन्हा उघडल्याने एका वंचित समाजाला सन्मानाची वाट मिळाली. मानवेंद्रनाथ रॉय यांनीही फॅसिझमविरोधी युद्ध म्हणून त्याला साथ दिली. सुमारे पंचवीस लाख भारतीय या सैन्यात होते आणि त्यांतील हजारो परत आले नाहीत. त्यांच्या शौर्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग सत्याग्रही चुकले काय? मला तसे वाटत नाही. फॅसिझम वाईट आहे, हे त्यांनाही मान्य होते. त्यांचा आक्षेप वेगळा होता : स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणणाऱ्याने गुलामाला न विचारता रणांगणावर कसे पाठवावे? युद्ध न्याय्य असले, तरी संमतीची गरज संपत नाही. उलट, कारण जितके न्याय्य, तितके लोकांना विचारणे सोपे असते.

स्वतंत्र भारताने हा धडा एकदा तरी गिरवला. 2003 साली अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवण्याची मागणी केली. तत्पूर्वी संसदेने त्या युद्धाविरुद्ध ठराव केला होता; विरोधी पक्ष आणि अनेक नागरिक सैन्य पाठवू नये म्हणून आवाज उठवत होते. देशात बरीच चर्चा झाली आणि 14 जुलै 2003 रोजी अटलबिहारी वाजपेयी सरकारने, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही, असा निर्णय घेतला. 1939 साली एका माणसाने घोषणा केली होती. 2003 साली एका देशाने विचार केला. या दोन वर्षांमधले अंतर म्हणजेच लोकशाही होय.

मात्र हे अंतर आपोआप टिकत नाही. सीमेवर शत्रू चालून आला, तर उत्तर द्यावेच लागते. पण दूरच्या युद्धाचे निमंत्रण येते, तेव्हा कोणासाठी, कशासाठी आणि कोणाच्या मुलांच्या जिवावर, असे विचारणारी माणसे देशात असली पाहिजेत. त्यांचे म्हणणे प्रत्येक वेळी पटेलच असे नाही. तरीही ते पूर्ण ऐकून घेतल्यानंतरच बिगूल वाजावा.