बळी तो कान पिळी

दिवाळीचा फराळ पुढे ठेवून मोटारीच्या गिअरबॉक्सवर लिहावे, हे काही रीतीला धरून नाही. पण वाचकहो, गेल्या महिन्यात आमच्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला आणि विषय आपल्या पायांनी घरी चालत आला. हा भाचा डेट्रॉइटजवळ असतो. साठ वर्षांपूर्वीची एक गाडी त्याने हौसेने घेतली, तिच्यात मूळच्याहून दांडगे इंजिन बसवले, कडक क्लच आणि रुंद टायर घातले, आणि महिन्याभरात, "मामा, पहिल्या गिअरचे दात पडले! जुन्या लोकांचे लोखंडच कच्चे!"

आमची उमेदीची वर्षे गॅरेजात गेली. तेव्हा या आरोपाला उत्तर देणे भाग आहे.

1964 साली पॉन्टियाकने मध्यम अंगाच्या टेम्पेस्ट गाडीत 389 घनइंचांचे, 325 अश्वशक्तीचे इंजिन घालून 'जीटीओ' बाजारात आणली आणि या पैलवान गाड्यांना, ज्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात, भर आला. 1966 साली क्रायस्लरने रस्त्यावरच्या गाड्यांना 426 घनइंचांचे 'हेमी' इंजिन दिले. त्याची नोंदलेली शक्ती 425 अश्वशक्ती. पण अश्वशक्तीच्या आकड्याने गिअरचे दात मोडत नाहीत. ते मोडतात पिळाने. हेमीचा पीळ 490 फूट-पौंड. पहिल्या गिअरचे प्रमाण 2.65. म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडताना तोच पीळ सुमारे 1,300 होतो. बळी तो कान पिळी म्हणतात, तो असा!

हेही पुरते खरे नाही. इंजिन पाच हजार फेऱ्यांवर गर्जत असताना चालकाने क्लचवरून पाय एकदम उचलला, तर जड फ्लायव्हीलमध्ये साठलेला सारा वेग एका क्षणात गिअरवर आदळतो. हा दणका इंजिनाच्या नेहमीच्या पिळाहून पुष्कळ मोठा असतो. त्याला आवर घालणारे दोघेच : क्लच घसरला तर तो, नाहीतर टायर घसरले तर ते. त्या काळचे टायर अरुंद होते. ते धूर काढीत जागच्या जागी फिरत आणि गिअरबॉक्स वाचे. आमच्या भाच्याने दोन्ही वाटा पैसे खर्चून बंद केल्या. मग दणक्याने जावे कुठे?

जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. इतर बहुतेक इंजिनांमागे क्रायस्लरच्या चार गिअरच्या पेटीचा पुढचा शाफ्ट 23 खाचांचा असे. हेमीसाठी तो जाड, 18 ठसठशीत खाचांचा केला. फोर्डच्या 'टॉपलोडर'चे झाकण वरच्या बाजूला ठेवले, त्यामुळे बिडाच्या पेटीच्या कुशी अखंड राहिल्या. हे महत्त्वाचे, कारण जोर येताच दोन गिअर एकमेकांना दूर ढकलतात. पेटी जराशी जरी ताणली, तरी दात मुळापर्यंत न भिडता शेंड्यावर भिडतात, आणि शेंड्यावरचा भार मुळाशी मोडतो. जनरल मोटर्सच्या 'मन्सी एम-22' मध्ये दातांचा तिरकेपणा कमी केला. तिरके दात मऊ बोलतात, पण गिअरला बाजूला रेटतात. सरळ दातांचा रेटा कमी, बोंब मात्र मोठी. त्या घरघरीवरून लोकांनी त्याला 'रॉक क्रशर', म्हणजे खडी फोडण्याचे यंत्र, असे नाव ठेवले!

आज सातशे अश्वशक्तीमागेही हाताने बदलायचा गिअरबॉक्स टिकतो. 2015 च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटमध्ये 707 अश्वशक्तीमागे ट्रेमेकचा सहा गिअरचा टीआर-6060 होता. पण तो त्या बळासाठीच घडवलेला. बैल बदलले आणि जू जुनेच ठेवले, तर दोष जुवाचा नव्हे.

आणखी एक. पोलाद एका दिवसात दगा देत नाही. प्रत्येक दणक्यागणिक दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर वाढत असते. शेवटचा दणका फक्त निमित्त होतो. म्हणून भाच्याला आम्ही सांगितले : "बाळा, पेटी उघडली आहेस तर शाबूत दिसणारे गिअरही चिरांसाठी तपासून घे. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, मागचा धुरा, सगळे एकाच तोलाचे कर. तोवर पाय हळू सोड."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "मामा, शर्यतीत हळू कसा सोडू?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा! "मग दर दिवाळीला नव्या गिअरबॉक्सचे पैसे बाजूला काढून ठेव," असे सांगून आम्ही फोन ठेवला आणि चकलीकडे वळलो. तीही तिरक्या दातांचीच निघाली. पण आवाज मात्र रॉक क्रशरचा!