घर आणि आरोग्य : फोन धुवावा काय?



गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या यजमानांचे भुसार मालाचे दुकान आहे. दिवसभर हात पोत्यांना लागतात, तराजूला लागतात, नोटांना लागतात आणि त्याच हातात फोन असतो. रात्री ते घरी आले की सात महिन्यांचे बाळ त्यांच्याकडे झेपावते, खिशातला फोन ओढून काढते आणि सरळ तोंडात घालते. फोनच्या खोक्यावर तो पाण्याला दाद देत नाही असे छापले आहे. तेव्हा रात्रीच्या भांड्यांबरोबर तोही साबण लावून नळाखाली धरला तर काय बिघडेल, असा त्यांचा प्रश्न आहे. सासूबाई म्हणतात, अवश्य धुवावा. यजमान म्हणतात, पाण्याजवळ नेऊ नकोस. “दोघांपैकी कोणाचे ऐकू, ते कळवावे.”

फोनच्या बाबतीत यजमानांचे ऐकावे. बाळाच्या बाबतीत सासूबाईंची काळजी अगदी रास्त आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या ठरतात, ते थोडे विस्ताराने सांगते. कारण हा धडा आमच्या घराने रोख मोजून घेतला आहे.

२०२० च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. टाळेबंदीतही किराणा दुकाने ठरलेल्या वेळी उघडी असत. माझे दीर दुकानातून परतले की अंगणातच कपडे बदलत, हात-पाय धूत, आणि एके दिवशी त्यांनी भांडी घासण्याच्या साबणाने फोनही स्वच्छ धुतला. तो चालू राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतला. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या माणसाचा आवाज घागरीतून आल्यासारखा येऊ लागला, आणि आठवडा संपण्यापूर्वी पडदा काळा झाला. दुरुस्ती केंद्रात त्यांनी फोन उघडून आतली लाल झालेली खूण दाखवली. पाण्याने झालेले नुकसान हमीमध्ये बसत नाही, असे सांगून फोन परत दिला. फोनची किंमत गेली ती गेलीच. परंतु दोन वर्षांपासून उधारीचे सारे आकडे दिरांनी वहीऐवजी त्या फोनमध्ये लिहायला घेतले होते आणि त्यांची दुसरी नोंद कोठेच नव्हती. सासरे काही बोलले नाहीत. माळ्यावरची जुनी लाल वही काढून त्यांनी ती गल्ल्यावर ठेवली. पुढच्या महिन्यात कितीतरी गिऱ्हाइकांनी आपला आकडा आपणहून सांगितला, हे मात्र आवर्जून नोंदवायला हवे.

आता खोक्यावरच्या त्या खुणेकडे वळू. बहुतेक महाग फोनांवर ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ असे लिहिलेले असते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातून हे आकडे आले आहेत. पहिला आकडा धुळीचा आहे. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. दुसरा पाण्याचा आहे. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे ठेवल्यावर अपाय होईल इतके पाणी आत जात नाही. ८ म्हणजे याहून कठीण परीक्षा, आणि तिच्या अटी कंपनी स्वतः ठरवते. ही परीक्षा कशी होते ते पाहावे. फोन नवा कोरा असतो. पाणी गोडे आणि निश्चल असते. त्यात साबण नसतो. नळाच्या किंवा फवाऱ्याच्या धारेसाठी त्याच मानकात ५ आणि ६ हे वेगळे आकडे आहेत, आणि बुडवण्याच्या परीक्षेत उतरलेला फोन धारेच्या परीक्षेतही उतरतोच असे नाही.

शिवाय फोन नवा राहत नाही. पाण्याला आत येऊ न देणारे काम रबराच्या बारीक पट्ट्या आणि चिकट गोंद यांचे असते. खिशातली ऊब, उन्हात तापणारी मोटार, दोन-चार वेळा पडणे, यांनी ती बांधणी सैल होत जाते. ही संरक्षणशक्ती कायमची नसून वापराने कमी होते, असे कंपन्या स्वतःच आपल्या सूचनापत्रकात लिहितात. फक्त ते पत्रक कोणी वाचत नाही. आणि बाजारातल्या टपरीवर एकदा काच बदलून घेतली असेल तर खोक्यावरचा आकडा विसरून जावा. आमच्या ओळखीच्या पेढ्यांवर मूळ काचेचे फोन किती असतील, याची मला शंकाच आहे.

साबणाचे काय होते? छत्रीच्या कापडावर पावसाचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात. कापडाला छिद्रे असतात, तरीही पाणी आत येत नाही. कारण पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो आणि तो त्याला बारीक फटीत शिरू देत नाही. त्याच कापडाला साबणाचे पाणी लावावे, की ते झिरपू लागते. साबण पाण्याचा हा ताण मोडतो. म्हणून तर तो कपड्यांच्या धाग्यांतला मळ काढू शकतो, आणि म्हणूनच फोनच्या ज्या फटीशी साधे पाणी थबकते तिच्यातून साबणाचे पाणी वाट काढू शकते. आत गेलेल्या पाण्यातले क्षार धातूला गंज चढवतात, आणि वीज खेळत असल्याने ते काम झपाट्याने होते. दिरांचा फोन पहिल्या दिवशी बंद पडला असता तर निदान धडा लवकर मिळाला असता.

धुता येणारा फोन जगात झालाच नाही असे नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये जपानच्या क्योसेरा कंपनीने ‘डिग्नो राफ्रे’ नावाचा फोन तिथल्या बाजारात आणला, तो हाताच्या साबणाने धुता येईल असे सांगूनच. त्याच्या जाहिरातीत लहान मुले असलेली घरेच डोळ्यांपुढे होती. आपल्या पत्रलेखिकेची अडचण जपानी आयांनाही होती म्हणायची. परंतु त्यासाठी फोनची घडणच वेगळी करावी लागली. कानाशी आवाज येण्याचे छिद्र त्याला ठेवलेच नव्हते. पडद्याच्या कंपनातून आवाज ऐकू येई. आणि एवढे करूनही कोणताही साबण चालत नसे, फेसाच्या रूपात येणारा हाताचा साबणच वापरावा अशी अट होती. आपल्या खिशातला फोन या जातीचा नव्हे.

मग जंतूंचे काय? ते फोनवर असतात, यात शंका नाही. २०११ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील संशोधकांनी ब्रिटनमधील १२ शहरांत लोकांचे हात आणि फोन तपासले. १६ टक्के फोनांवर विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू सापडले. ही बातमी तेव्हा जगभर गाजली. तिच्यातला दुसरा आकडा मात्र कमी लोकांनी लक्षात ठेवला : हातांवरही ते १६ टक्के लोकांच्याच सापडले. आणि आपण हात साबणाने धुतो, असे त्यातल्या ९५ टक्के लोकांनी सांगितले होते! फोनवर जंतू आपोआप उगवत नाहीत. हात आणतात, फोन सांभाळतो, पुन्हा हात नेतात. रात्री फोन कितीही चकचकीत पुसला आणि सकाळी शौचाला जाताना तो बरोबर नेला, तर आदल्या रात्रीचे श्रम तिथेच संपले.

करोनाच्या वर्षी आपण दुधाच्या पिशव्याही धुतल्या, ते त्या वेळच्या माहितीला धरूनच होते. तो विषाणू प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत टिकल्याचे २०२० मध्ये प्रयोगशाळेत दिसले होते. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून त्या रोगाची लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तो विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. परंतु जुलाब-वांतीचे जंतू हाताने आणि तोंडानेच पसरतात, आणि सात महिन्यांच्या बाळाच्या अंगातले पाणी त्याने फार लवकर कमी होते. सासूबाईंची भीती नेमकी इथे खरी आहे.

तेव्हा फोन धुवू नये, पुसावा. प्रथम चार्जरपासून सोडवून बंद करावा आणि आवरण काढावे. आवरण रबरी किंवा सिलिकॉनचे असेल तर ते खुशाल साबणाने धुवावे, पूर्ण वाळू द्यावे. बहुतेक मळ तिथेच असतो. चष्मा पुसण्याच्या मऊ कापडावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब घ्यावेत. औषधांच्या दुकानात त्याच्या भिजवलेल्या पट्ट्याही मिळतात. कापड ओलसर असावे, पिळून थेंब पडेल असे नसावे. द्रव फोनवर कधीही फवारू नये. काच, पाठ आणि कडा हलक्या हाताने पुसाव्यात, छिद्रांपाशी कापड दाबू नये, आणि फोन आपोआप वाळेपर्यंत थांबावे. ॲपलसारख्या कंपनीनेही मार्च २०२० पासून अशा पट्टीने पुसण्यास मुभा दिली आहे. ब्लीच आणि बुडवणे या दोन्हींना मात्र तिची मनाई आहे. शंभर टक्के अल्कोहोल अधिक चांगले, असे वाटून ते आणू नये. ते झटकन उडून जाते. जंतूंचा नाश होण्यास त्यातले पाणीही लागते. काच पुसण्याचा फवारा, फिनाईल हे तर दूरच ठेवावे. आणि हे काम देवघरातल्या समईपासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब करावे, कारण हा द्रव पेट घेतो.

भुसार दुकानातल्या फोनची आणखी एक तक्रार असते. चार्जरच्या खाचेत पिठाची धूळ साचते. ती टाचणीने कोरू नये. कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटकावी. फोन चुकून पाण्यात पडलाच तर तो लगेच बंद करावा, पुसावा, खाच खाली करून हलके थोपटावा आणि वाऱ्याच्या जागी वाळू द्यावा. ओला असताना चार्जरला लावू नये. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो, परंतु तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात.

आता पत्रलेखिका भगिनींना शेवटचे. आपल्या यजमानांनी घरात येताच हात साबणाने धुवावेत; बोटांच्या बेचक्या आणि नखे धरून निदान वीस सेकंद तरी. त्याआधी फोन दाराजवळच्या एका ठरावीक टोपलीत ठेवावा आणि रात्री पुसूनच आत न्यावा. आम्ही अशी टोपली चपलांच्या कपाटावर ठेवली आहे. पहिले आठ दिवस सगळ्यांनी कुरकुर केली. बाळाला तोंडात घालायला धुता येणारे, मोठे, एकसंध खेळणे द्यावे. पुसलेला फोनही त्याच्या तोंडात जाऊ देऊ नये. आणि फोनमधल्या उधारीची एक नोंद कागदावर आहे ना, एवढे यजमानांना आजच विचारून घ्यावे.