दुर्मिळता, हौस आणि समीक्षेचा आळस

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'हौशी कवी' ही संज्ञा आता केवळ वर्णनपर राहिलेली नाही. तिला निवाड्याचे रूप आले आहे. स्वखर्चाने छापलेले चाळीस-पन्नास पृष्ठांचे पुस्तक, आरंभी एखाद्या आश्रयदात्याला अर्पण, मागे शुद्धिपत्र आणि कवीच्या नावापुढे त्याचा हुद्दा, एवढे दिसले की समीक्षक ते 'किरकोळ' म्हणून बाजूला सारतो. तेच पुस्तक जुन्या पुस्तकांच्या बाजारात संग्राहकाच्या हाती पडले की तो त्यावर 'दुर्मिळ' अशी चिठ्ठी लावून ते कपाटात ठेवतो. हे दोन व्यवहार परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ते एकच आहेत. पुस्तक दोघांनीही वाचलेले नसते.

दुर्मिळता हे वाङ्मयीन मूल्य नव्हे, हे खरे तर सांगण्याची गरज पडू नये. पण दुर्मिळता हे संग्राहकाचेही स्वायत्त मूल्य नाही, ही गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली जाते. एखाद्या विस्मृत शिक्षक-कवीच्या पुस्तकाची एकच प्रत उरलेली असली तरी तिला गिऱ्हाईक नसते. उलट 'अरुण कोलटकरच्या कविता' या 1977 च्या संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीचा शोध घेतला जातो, तो कोलटकरांचे स्थान समीक्षेने मान्य केल्यामुळे. संग्राहक समीक्षकामागून जातो. समीक्षक ग्रंथालयात जे आहे त्यामागून जातो. आणि ग्रंथालय ज्यांची चर्चा झाली त्यांनाच जपते. या वर्तुळाबाहेर जे राहिले ते निकृष्ट होते म्हणून बाहेर राहिले, असा निष्कर्ष काढणे म्हणजे वर्तुळालाच प्रमाण मानणे होय.

हौशी कवीविषयीच्या तुच्छतेला मराठीत एक प्रतिष्ठित परंपरा आहे. 1925 च्या 'झेंडूची फुले' या संग्रहात केशवकुमारांनी, म्हणजेच प्र. के. अत्र्यांनी, तत्कालीन काव्यरूढींचे विडंबन केले. ते विडंबन मार्मिक होते आणि आवश्यकही होते. परंतु त्याचा रोख रूढींवर होता, हे पुढच्या पिढ्या विसरल्या. त्यांनी त्यातून एक हास्यास्पद 'कवडा' तेवढा उचलला आणि अप्रसिद्ध असलेल्या प्रत्येकाला त्याच्या रांगेत बसवले. ज्यांच्या विडंबनाच्या नावाने ही तुच्छता मिरवली जाते त्या अत्र्यांनीच 27 वर्षांनी, 1952 मध्ये, 'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहाला प्रस्तावना लिहून एका निरक्षर शेतकरी स्त्रीची कविता महाराष्ट्रापुढे ठेवली. वाचल्यावाचून निकाल द्यायचा नाही, एवढी शिस्त त्यांच्या ठायी होती. ती शिस्त मात्र त्यांच्या अनुयायांना वारशात मिळाली नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की, काळ हाच खरा समीक्षक. जे सकस असेल ते टिकतेच. या विधानाइतके सोयीचे आणि निराधार विधान साहित्यविचारात दुसरे नसेल. बहिणाबाईंची गाणी टिकली ती काळाच्या विवेकामुळे नव्हे. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, गाणी ऐकून टिपून ठेवली गेली होती आणि वही अत्र्यांपर्यंत पोचली, म्हणून ती टिकली. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक गद्य असले तरी येथे बोधप्रद आहे. 1882 मध्ये पुण्यात त्याच्या 500 प्रती छापल्या गेल्या, किंमत नऊ आणे होती. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. पुढे ते जवळजवळ लुप्त झाले. स. गं. मालशे यांनी ते 1975 मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले. मधली नव्वद वर्षे 'काळ' कोणती समीक्षा करीत होता? काळ वाचत नाही. कसर, दमट हवा आणि रद्दीचा काटा यांच्यामार्फत तो काम करतो, आणि या तिघांनाही अभिरुची नसते.

म्हणूनच नोंदीचा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा नसून समीक्षेचाही ठरतो. 1867 च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद अनिवार्य केली. मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्यांत लेखक, मुद्रक, पृष्ठे, प्रतींची संख्या आणि किंमत नोंदली जाई. या व्यवस्थेमागचा हेतू पाळतीचा होता, हे रॉबर्ट डार्न्टन यांच्या अभ्यासाने दाखवले आहे. पण पाळतीला अभिजात आणि हौशी असा भेद नव्हता. शं. ग. दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'च्या 1943 आणि 1961 च्या दोन खंडांत 1800 ते 1950 या कालखंडाची नोंद केली, तीही गुणवत्तेची चाळणी न लावता. साष्टीतल्या काशीगावातील एखाद्या रहिवाशाने 1890 मध्ये ठाण्यात वा मुंबईत श्लोकांची पुस्तिका छापली असती, तर प्रती सरकारात देण्याचे दायित्व मुद्रकावर होते. कवीला कायदा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेच काशीगाव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे. 1867 च्या कायद्याची जागा घेणारा 2023 चा कायदा 1 मार्च 2024 पासून अमलात आला आणि त्याच्या कक्षेतून पुस्तके वगळली गेली. 1954 चा ग्रंथप्रदान कायदा आहे. पण त्याचे दायित्व प्रकाशकावर, आणि हौशी कवीच्या बाबतीत प्रकाशक म्हणजे बहुधा तो स्वतःच. परक्या सरकारने संशयापोटी जे जपले ते स्वकीयांच्या निश्चिंतपणामुळे हरवावे, यातला उपरोध मराठी अभ्यासकांना अद्याप बोचलेला दिसत नाही.

ही पुस्तके वाचून साधायचे काय, असा प्रश्न उरतो. केशवसुतांनी 1892 मध्ये सुनीत मराठीत आणले, हे प्रत्येक विद्यार्थी लिहितो. पण ते सुनीत जिल्ह्याच्या गावी, शाळामास्तराच्या किंवा कारकुनाच्या हाती केव्हा पोचले? ओवी-अभंगांशेजारी ते कसे नांदले? अनिलांचा मुक्तछंद कोणत्या थरात रुजला आणि कोठे नाकारला गेला? या प्रश्नांची उत्तरे प्रवर्तकांच्या संग्रहांत सापडणार नाहीत. रूढी कोणी जन्माला घातली हे प्रतिभावंताकडून कळते. ती किती जगली हे अनुयायांकडूनच कळते. फ्रँको मोरेत्ती यांनी 2000 मध्ये न वाचलेल्या साहित्याच्या प्रचंड राशीकडे लक्ष वेधले, तेव्हा त्यांची संज्ञा मराठीत तत्परतेने उद्धृत झाली. मराठीतली रास मात्र न वाचलेलीच राहिली.

याचा अर्थ प्रत्येक हौशी कवीला उपेक्षित प्रतिभावंत ठरवावे असा मुळीच नव्हे. कनवाळू समीक्षा ही तुच्छतेचीच दुसरी बाजू आहे. तीही वाचण्याचे कष्ट टाळते. अशा पुस्तकांतले बहुतेक पद्य सामान्यच निघेल, आणि ते तसे आहे हे वृत्त, शब्दकळा व प्रतिमा दाखवून स्पष्टपणे म्हटले पाहिजे. कठोर निवाडा हा त्या कवीचा अपमान नाही. निवाड्याइतकेही महत्त्व न देणे हा अपमान आहे. 'किरकोळ' हा शेरा वाचनाच्या अखेरीस आला तर ते मूल्यमापन ठरते. आरंभीच आला तर ती फक्त समीक्षकाची सवड नसल्याची कबुली असते, आणि सवड नसणे हा वाङ्मयीन निकष नव्हे.