राज्यमार्गावरचा सिग्नल कोणी लावायचा?
तालुक्याच्या गावात शिरलेला राज्यमार्ग हाच गावाचा मुख्य रस्ता असतो. शाळा सुटली की शिपाई लाल फडकं हलवत उसाचा ट्रॅक्टर थांबवतो, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या हेलकावत असतात, आणि पोरं एकमेकांची दप्तरं धरून पलीकडे पळतात. इथे सिग्नल हवा हे नगरपरिषदेला दिसतं, पण रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 116 प्रमाणे वाहतूक चिन्हं उभारण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला आहे. मग ठराव होतो, ना-हरकतीसाठी पत्र जातं, पोलिसांचा अभिप्राय मागवतात, फाइल फिरत राहते. विभागाचंही एक म्हणणं रास्त आहे: चुकीच्या जागी लावलेल्या सिग्नलमुळे मागून धडकण्याचे अपघात वाढतात. म्हणून तर इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी 93’ ही मार्गदर्शिका वाहनं, पादचारी आणि अपघात मोजूनच निर्णय घ्यायला सांगते. पण मोजायचं कोणी, आणि कधीपर्यंत? नगरपरिषदेने मागणी केली की विभागाने ठरलेल्या मुदतीत मोजणी केलीच पाहिजे; नकार असेल तर कारणं लेखी द्यावीत, होकार असेल तर वीजबिल आणि देखभाल कोणाकडे हे त्याच पत्रात लिहावं. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198अ मध्ये रस्तासुरक्षेची मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अपघाताआधी आलेल्या अर्जाला उत्तर न देणाऱ्या कार्यालयालाही अशीच जबाबदारी लागू करा.