विश्लेषण : नारळ सोलायचे यंत्र आले, पण शेंडीचे काय?

मोबाइलवर फिरणारा एक व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. असोला नारळ यंत्रात पडतो, काटेरी रूळ फिरतात आणि काही सेकंदांत गोल, तपकिरी, स्वच्छ नारळ बाहेर येतो. खाली मोठ्या अक्षरांत आकडा झळकतो, तासाला इतके शे नारळ. कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किंमत किती?’ कोकणातल्या बागायतदाराने त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. बाहेर पडलेल्या त्या नारळाला शेंडी आहे का?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण हे यंत्र कोणाच्या उपयोगाचे आणि कोणाच्या नाही, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

हाताने सोलणे म्हणजे नेमके काय?

जमिनीत एक लोखंडी सुळा किंवा पहार घट्ट रोवलेली असते. सोलणारा नारळ दोन्ही हातांत धरून त्यावर जोराने दाबतो, पीळ देतो, सोडण सैल करतो. नारळ थोडा फिरवून पुन्हा तेच. तीन-चार वेळा केले की सोडणाचे मोठे तुकडे सुटतात आणि हातात शेंडीसह नारळ उरतो. सराईत माणूस दिवसभरात हजारावर नारळ असे सोलतो. पाहणाऱ्याला ते सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक नारळामागे अंगाचे वजन तीन-चार वेळा त्या टोकावर टाकावे लागते. कंबर वाकलेली, मनगट पिळलेले आणि तळहातापासून काही इंचांवर लोखंडाचे टोक. नारळ निसटला तर हात थेट त्या टोकावर जातो.

हे काम शिकायला कोकणातली नवी पिढी तयार नाही, यात नवल नाही. नारळ पाडणारे मिळत नाहीत, ही तक्रार सरकारपर्यंत पोहोचली. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ या नावाने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले. सोलणाऱ्यांबद्दल मात्र तेवढी चर्चा कधी झाली नाही. माडावरून पडलेल्याची बातमी होते, सुळ्याने हात फाटलेल्याची होत नाही.

यंत्र कसे चालते?

बाजारातल्या यंत्रांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला, हाताने चालणारा. केरळ कृषी विद्यापीठाच्या तवनूर येथील अभियंत्यांनी विकसित केलेले ‘केरमित्र’ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. यात सुळ्याच्या जागी दोन पाती असतात, एक स्थिर आणि एक हलणारे. नारळ मिटलेल्या पात्यांवर ठोकायचा आणि दांडा उचलायचा. हलणारे पाते बाहेर झुकते आणि सोडण फाकते. वाकावे लागत नाही, वीज लागत नाही. वेग सराईत सोलणाऱ्याइतका नसतो, पण सराईत नसलेला माणूसही तो चालवू शकतो.

दुसरा प्रकार व्हिडिओत दिसणारा. समोरासमोर दोन आडवे रूळ, त्यावर लोखंडी काटे. दोन्ही रूळ उलट दिशांना आणि वेगवेगळ्या गतीने फिरतात. वरून एक दट्ट्या नारळाला खाली दाबतो. काटे सोडणात रुततात आणि गतीतल्या फरकामुळे ते ओरबाडून काढतात. ही यंत्रे विजेवर चालतात. ट्रॅक्टरला जोडण्याजोगी मोठी यंत्रे तामिळनाडूच्या नारळपट्ट्यात वापरली जातात. तिसऱ्या प्रकारात नारळ उभा ठेवतात आणि हायड्रॉलिक दाबाने पाती सोडणात घुसवून पाकळ्यांसारखी बाहेर उघडतात. हा प्रकार रुळांपेक्षा हळू चालतो, पण सोडण बऱ्यापैकी अखंड सुटते.

मग अडते कुठे?

नारळ हा कारखान्यात तयार झालेला भाग नाही. यंत्राला एका मापाचे बॉल बेअरिंग दिले तर ते दिवसभर बिनचूक काम करील. बागेत मात्र एकाच माडाच्या एका पेंडीतले दोन नारळ सारखे नसतात. असोला नारळ बाहेरून तीन धारांचा, किंचित त्रिकोणी असतो आणि आतली करवंटी गोल. म्हणजे सोडणाची जाडी सगळीकडे सारखी नाही. देठाकडे ते जाड आणि पोटाशी पातळ असते. काटे लांब ठेवले तर पातळ जागी ते करवंटीवर घासतात. आखूड ठेवले तर जाड जागी सोडण राहून जाते. यंत्राची सगळी कसरत या काही मिलिमीटरमध्ये आहे.

जातींचा फरक वेगळाच. कोकणात बाणवलीसारख्या उंच जाती आहेत, रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने दिलेली ‘प्रताप’ आहे, ठेंगू आणि संकरित माडही आहेत. अनेक बागांत हे सगळे मिसळलेले असते. रुळांमधले अंतर मोठ्या नारळाला जुळवले की लहान नारळ मध्येच गरगरत राहतो. लहानाला जुळवले की मोठ्याची करवंटी दबते.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. नुकत्याच उतरवलेल्या नारळाचे सोडण पाण्याने जड असते, महिनाभर ठेवलेल्याचे सुकून चिवट होते. कर्नाटकातल्या तिपटूर भागात गोटा खोबऱ्यासाठी नारळ असोले ठेवून वर्षभरापर्यंत सुकवतात. आत खोबऱ्याचा गोटा सुटून खुळखुळू लागला की मगच ते सोलतात. महाराष्ट्राच्या वाटणात जाणाऱ्या सुक्या खोबऱ्यामागे ही पद्धत आहे. ओल्या नारळासाठी लावलेले यंत्र त्या कोरड्या सोडणावर तसेच्या तसे चालेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

विक्रेत्याच्या पत्रकावर यातले काहीच नसते. तिथे असतो तो एकच आकडा, ताशी नग. तो बहुधा एका मापाच्या निवडक नारळांवर मिळालेला असतो आणि त्यात फुटलेले किती हे लिहिलेले नसते. करवंटी फुटली तर निदान दिसते तरी. खरा घात करते ती केसाएवढी चीर. नारळ पोत्यात भरला जातो, बाजारात पोहोचतो आणि चार दिवसांनी दुकानात त्यातून पाणी झिरपते. तोवर यंत्राने तासाला किती सोलले याचे कौतुक करून झालेले असते आणि व्यापारी पुढच्या पट्टीत घट कापतो.

शेंडी इतकी महत्त्वाची का?

नारळाचे तीन डोळे देठाच्या बाजूला असतात. त्यातला एक मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो. शेंडी म्हणजे या डोळ्यांवर राखलेला सोडणाचा झुपका. तो काढला की मऊ डोळा उघडा पडतो, बुरशी आणि हवा आत शिरायला वाट मिळते आणि नारळ लवकर खराब होतो. पूजेच्या नारळाला शेंडी हवी, हा रिवाज म्हणून पाळला जातो. पण टिकण्याचे गणितही त्यातच आहे. तामिळनाडू, कर्नाटकातून ट्रकने वाशीच्या बाजारात येणारा आणि तिथून गावोगावच्या हार-फुलांच्या दुकानात जाणारा नारळ त्या झुपक्याच्या भरवशावर दिवस काढतो.

नारळाचे तेल, डेसिकेटेड कोकोनट किंवा नारळाचे दूध काढणाऱ्या कारखान्याला शेंडीचे काही देणेघेणे नाही. तिथे सोललेला नारळ लगेच फुटतो. काटेरी रुळांचे यंत्र अशा ठिकाणी शोभते आणि चांगले चालते. कोकणातला बागायतदार मात्र आपला नारळ बहुतेक वेळा घरगुती आणि देवाच्या गिऱ्हाइकाला विकतो. गणपती आणि नवरात्रात त्याला चार पैसे जास्त मिळतात ते याच नारळाचे. पूर्ण तासलेला नारळ त्या बाजारात दुय्यम ठरतो. शेंडी राखणारी यंत्रे असल्याचे उत्पादक आता सांगतात. त्यात देठाची बाजू रुळांपासून दूर धरावी लागते, म्हणजे प्रत्येक नारळ योग्य दिशेने ठेवायला माणूस लागतो आणि वेग उतरतो. व्हिडिओतला आकडा बहुधा या यंत्राचा नसतो.

सोललेल्या नारळाला सरकारी भावही आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. २०२० मध्ये केंद्राने सोललेल्या पक्व नारळासाठी क्विंटलला २,७०० रुपये किमान आधारभूत किंमत ठरवली होती. भाव वजनावर आणि सोललेल्या नारळाला, म्हणजे सोलणीचा खर्च आधी शेतकऱ्याच्या खिशातून जाणार.

सोडणाचे काय?

असोल्या नारळाच्या वजनात साधारण एक तृतीयांश वाटा सोडणाचा असतो. त्यातही काथ्यापेक्षा भुसा जास्त निघतो. एके काळी टाकून दिला जाणारा हा भुसा आज रोपवाटिकांत कोकोपीट म्हणून विकत घेतला जातो. हाताने सोललेल्या सोडणाचे होडीसारखे मोठे तुकडे निघतात. काथ्यासाठी ते सोयीचे आणि बागेतही त्यांचा उपयोग आहे. माडाभोवती चर खणून ही सोडणे पोकळ बाजू वर करून थरांनी पुरली की पावसाचे पाणी धरून ठेवतात, हा जुना आणि संशोधन केंद्रांनीही शिफारस केलेला उपाय. रुळांतून निघालेला चोथा असा रचता येत नाही. तो काथ्या गिरणीत जाणार असेल तर ठीक, पण जवळपास गिरणी नसेल तर बांधावर पडून राहील.

परवडते कोणाला?

इथे साधा हिशेब पुरतो. समजा, यंत्र १ लाख २० हजार रुपयांचे आहे आणि चालवणाऱ्याची मजुरी, वीज वजा जाता प्रत्येक नारळामागे १ रुपया वाचतो. ५० माडांची बाग, माडाला वर्षाला ८० नारळ, म्हणजे ४ हजार नारळ. वाचले ४ हजार रुपये. यंत्राचे पैसे फिटायला ३० वर्षे लागतील आणि तोवर यंत्र गंजून गेलेले असेल. २०० माडांच्या बागेलाही साडेसात वर्षे लागतात. हेच यंत्र अशा ४० छोट्या बागांनी मिळून वापरले तर १ लाख ६० हजार नारळ होतात आणि पैसे ९ महिन्यांत फिटतात. यातले आकडे गृहीत धरलेले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत, निष्कर्ष फारसा बदलत नाही.

शिवाय नारळ काही भातासारखा एकदम कापणीला येत नाही. माडाला महिन्यागणिक पेंडी लागते आणि पाडप वर्षभर दीड-दोन महिन्यांनी होत राहते. ५० माडांच्या मालकाकडे प्रत्येक वेळी पाच-सहाशे नारळ असतात. तासाला सहाशे सोलणाऱ्या यंत्राला ते तासाभराचे काम. म्हणून हे यंत्र एकेका बागायतदाराच्या पडवीत शोभेला ठेवण्याऐवजी अवजार बँकेत, गावोगाव फिरते ठेवणे शहाणपणाचे. २०१४-१५ पासून राबवल्या जाणाऱ्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात वैयक्तिक यंत्राप्रमाणे भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांनाही अनुदान मिळते. अर्ज करताना गर्दी मात्र वैयक्तिक यंत्राकडे असते. आपले यंत्र आपल्या दारात, हा मोह मोठा असतो.

सोलणाऱ्याचे काय?

नगावर पैसे घेणारा माणूस यंत्रामुळे उठणार, ही भीती खोटी नाही. तामिळनाडू, केरळात टोळ्यांनी सोलणी करणारे मजूर आहेत आणि त्यांचे पोट यावरच आहे. कोकणात चित्र वेगळे आहे. इथे सोलणारे वयस्क झाले आहेत आणि त्यांची जागा घ्यायला कोणी नाही. पण जे आहेत त्यांना नारळ हातात घेताच कळते, हा ओला की चिवट, देठाकडे सोडण किती जाड, याला चीर जाईल का. यंत्रातल्या कोणत्याही सेन्सरने हे ज्ञान अजून घेतलेले नाही. अवजार बँकेचे यंत्र चालवायला पहिला माणूस तोच घ्यायला हवा, कारण नारळ मापानुसार निवडून रुळांवर देणे आणि शेंडी राखणे त्यालाच जमेल. त्याला कॉलेजमधून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञाचा हाताखालचा गडी केले तर यंत्रही वाया जाईल.

रुळांवर जाळी आणि हात पोहोचेल अशा जागी बंद करायचे बटण, या दोन गोष्टींत तर तडजोड नको. सुळ्याने हात फाटतो, फिरता रूळ हात आत ओढतो.

विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

अनुदान देणाऱ्या यंत्रणेने चाचणी अहवालात ताशी वेगाच्या शेजारी आणखी तीन रकाने सक्तीचे करावेत, फुटलेले नारळ, शेंडी राहिलेले नारळ आणि मिश्र मापाच्या नारळांवर मिळालेला वेग. ते होईपर्यंत बागायतदाराने स्वतः चाचणी घ्यावी. विक्रेत्याच्या दारी जाताना आपल्याच बागेतले १०० नारळ न्यावेत, लहान-मोठे मिसळून, निम्मे ताजे आणि निम्मे महिनाभर ठेवलेले. आपल्यासमोर सोलून घ्यावेत. किती शेंडीसह निघाले आणि किती फुटले ते लिहून ठेवावे. उरलेले घरी आणून पोत्यात भरून ठेवावेत आणि चार-पाच दिवसांनी पोते उघडून त्यातले किती ओलसर झाले ते मोजावे. यंत्राचे पैसे त्यानंतर द्यावेत.