बटण ज्याच्या त्याच्या बोटांप्रमाणे



चौलमध्ये अर्ज लिहिण्याचे काम काही संपत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचे नाव. कागद वेगळा, पण मायना तोच: "प्रति, मा. तहसीलदार साहेब, अलिबाग, जि. रायगड." संध्याकाळी आम्ही चार-पाच कार्यकर्ते लोकांचे अर्ज फुकट करून देतो, तेथील जुन्या संगणकावर त्यासाठी ऑटोहॉटकी हा प्रोग्राम घातलेला आहे. तो विंडोजवर चालतो, २००३ सालापासून आहे आणि त्याला पैसा पडत नाही. त्यात आज्ञांची एक फाईल लिहायची, तिला स्क्रिप्ट म्हणतात. ठरलेली बटणे दाबली की अख्खा मायना कागदावर उतरतो.

ही स्क्रिप्ट वस्तीतल्या एका कॉलेजच्या मुलाने लिहिली. पोरगा हुशार, पण बटणे त्याने स्वतःच्या बोटांच्या हिशेबाने ठरवली: कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एक अक्षर, सगळे एकदम. आमच्यातल्या एका भावाची उजव्या हाताची दोन बोटे कारखान्यात गेलेली. त्यांना हे कसे जमावे? दुसरे एक काका जुन्या मशीनवर रेमिंग्टन शिकलेले, मुली शाळेत इनस्क्रिप्ट शिकलेल्या. प्रत्येकाचा हात वेगळा वळलेला. भाऊ मुकाट्याने सारा मायना अक्षर-अक्षर टाईप करीत. बदल करायचा तर स्क्रिप्ट उघडावी लागे, आणि त्यातला एक कंस उडाला की सगळ्यांचेच काम बंद.

उपाय सोपा आहे, आणि अशी साधने बनवणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही तो सांगतो. बटणे स्क्रिप्टमध्ये कायमची लिहू नयेत. शेजारी सेटिंगची एक साधी फाईल ठेवावी, नोटपॅडमध्ये उघडणारी. एका ओळीत कामाचे नाव, बरोबरचे चिन्ह, पुढे बटण. कंट्रोलसाठी ^, ऑल्टसाठी !, शिफ्टसाठी +, विंडोजच्या बटणासाठी #, एवढी चार चिन्हे पाठ झाली की झाले. स्क्रिप्ट सुरू होताना आयनीरीड ही आज्ञा ती ओळ वाचते आणि हॉटकी ही आज्ञा ते बटण त्या कामाला जोडते. ओळच सापडली नाही तर कोणते बटण धरायचे, तेही आयनीरीडला आधी सांगून ठेवता येते. भावांनी आता मायना एफ-८ वर घेतला आहे, एका बोटाचे काम. मुलाने उद्या नवी स्क्रिप्ट आणून दिली तरी भावांची फाईल तशीच राहते.

मात्र सांभाळायचे ते सांभाळावे. कुणी कंट्रोल-पी घेतले, तर स्क्रिप्ट चालू असेपर्यंत छपाईचे ते बटण गेलेच. भारतीय इंग्रजी कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट आणि ४ दाबले की २०१० साली आलेले रुपयाचे चिन्ह उमटते, ते अर्जात लागतेच, तेव्हा तिथेही हात घालू नये. दोन कामांना चुकून एकच बटण दिले तर मागून जोडलेले काम चालते, आधीचे गप्प बसते. म्हणून स्क्रिप्टनेच सुरुवातीला तपासून कोणती ओळ चुकली ते मराठीत सांगावे. चुकीची सूचना इंग्रजीत आली की आपला माणूस संगणकालाच हात जोडतो, हा आमचा अनुभव आहे.

मायन्याचा मजकूरही याच फाईलमध्ये ठेवता येतो, म्हणजे उद्या अर्ज प्रांत कचेरीकडे करायचा झाला तर मुलाची वाट पाहायला नको. त्यासाठी फाईल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ निवडावे, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. कुणाचे नाव किंवा आधार क्रमांक मात्र त्यात लिहू नये. ही उघडी फाईल आहे, संगणकावर बसणारा कोणीही ती वाचू शकतो. आणि बदल केल्यावर स्क्रिप्ट बंद करून पुन्हा सुरू करावी, तोपर्यंत जुनीच बटणे चालतात.

ज्यांच्याकडे असा प्रोग्राम नाही त्यांनी शिफ्टचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबून पाहावे. विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय पुढे येते, आणि मग कंट्रोल आणि अक्षर एकापाठोपाठ एक दाबले तरी चालते.