पंक्तींतील परका पाहुणा

हल्लीं घरोघरींचीं नातवंडें शिक्षणासाठीं परदेशीं जातात, आणि कित्येक तेथील एखाद्या कुटुंबांत राहतात. निघतांना आपण लोणच्याची बरणी बांधून देतों. परक्या घरांत कसें वागावें, हें मात्र सांगत नाहीं. तो पाठ आमच्या वर्धा जिल्ह्यांतच गिरविला गेला आहे.

सन १९४२ च्या जून महिन्यांत लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामास गांधीजींकडे आठवडाभर राहिले. वर्ध्याचा ज्येष्ठ कसा असतो, हें येथल्या वाचकांस सांगावयास नको! पाण्यानें भरलेल्या टबांत लाकडी खोकें ठेवून त्यावर हे गृहस्थ बसत, आणि समोरच्या दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून टिपणें करीत. जेवण मात्र सर्वांबरोबर, जमिनीवर बसून. तीच ती शिजवलेली भाजी पुनःपुन्हां पानांत आल्यावर ती आपणांस रुचत नाहीं, असें त्यांनीं सरळ सांगितलें. गांधीजींनीं मीठ-लिंबू घालून पाहण्यास सुचविलें, आणि त्यावरून दोघांत विनोद झाला. यजमान रुसले नाहींत, पाहुणाहि पंक्तींतून उठला नाहीं. माझ्या मतें हें उत्तम आतिथ्य होय.

मीराबेनची गोष्ट निराळी. इंग्लंडांतील एका आरमारी अधिकाऱ्याची ही कन्या १९२५ सालीं साबरमतीस आली; तिनें केस उतरविले, सूत कातलें, हिंदुस्थानी भाषा अभ्यासिली. पुढें सेगांवांत तिच्यासाठीं झालेली मातीची कुटी तीच आजची बापू कुटी. भिंतीवर तिनें उठावानें काढलेलीं ताडाचीं झाडें अद्याप दिसतात. परंतु पाहुण्यानें इतकें विरघळून जावें, अशी अपेक्षा कोणत्याहि यजमानानें धरूं नये. तीहि अखेरीस यूरोपांत परतली आणि १९८२ सालीं ऑस्ट्रियांत वारली.

आतां आपल्या घरांविषयीं. त्या काळीं आमच्यासारख्यांच्या वाड्यांत गोरा पाहुणा आला, तर त्याचें पान ओसरीवर वेगळें मांडीत. आदरांत उणें नसे, पण स्वयंपाकघराचा उंबरठा त्यास बंद. गांवांतील अस्पृश्य मानलेल्यांस तर ओसरीहि नव्हती. सेवाग्रामच्या पंक्तींत तो भेद नव्हता. आज आपलें नातवंड त्या लोकांच्या स्वयंपाकघरांत मेजाशीं बसतें, तेव्हां हा हिशेब आठवावा.

मुलांस सांगावयाचें तें थोडें आहे. जेवणाची वेळ पहिल्याच दिवशीं विचारून घ्यावी व पाळावी. मांस वर्ज्य असल्यास तें आधींच कळवावें. पानावर बसून नाक मुरडूं नये. भांडीं घासण्यांत कमीपणा मानूं नये. आणि एखाद्या रविवारीं त्या मंडळींस स्वहस्तें पिठलें-भात वाढावा. मिरची मात्र बेतानें. वऱ्हाडी ठेच्याचा प्रयोग पहिल्याच खेपेस नको.